उलट बाजूला वळलेली कड

८ डिसेंबर १८५२ रोजी संध्याकाळी लियाँ शहरातील लोकांनी फूर्व्हिएरच्या टेकडीवर नव्याने बसवलेल्या मेरीमातेच्या पुतळ्यासाठी आपापल्या खिडक्यांत दिवे लावले. ही गोष्ट नोंदलेली आहे आणि कोणालाही पडताळून पाहता येते. दर वर्षी त्याच तारखेला खिडकीत दिवे लावण्याची रीत तेव्हापासून चालत आली आहे. २००३ सालच्या ८ डिसेंबरला, सोमवारी, क्रुआ-रूसच्या चढावरील एका घराच्या तिसऱ्या मजल्यावर मात्र अंधार होता. हे कुठेही नोंदलेले नाही. ते पाहिले ते समोर राहणाऱ्या मादाम पोंसे यांनी, आणि त्या दिवशी काय घडले याचा अर्धा भाग त्यांच्याच तोंडून कळतो. उरलेला अर्धा ओदिल गोनार हिने सांगितला. दोघींच्या सांगण्यात जिथे मेळ बसत नाही, तिथे तसे म्हटले आहे.

अंधार होता ती खिडकी ओदिलच्या आईची, एर्सीलिया गोनार यांची. त्या मूळच्या इटलीतल्या कोमोच्या. त्यांची आई रेशमी स्कार्फांच्या कडा घरी बसून वळत असे. कापलेल्या रेशमाची कड अंगठा आणि तर्जनी यांच्यात सुतळीसारखी वळायची, आणि वळता वळताच बाहेर दिसणार नाही अशा टाक्यांनी ती शिवत न्यायची. यंत्राने हे नीट होत नाही. नऊ वर्षांच्या एर्सीलियाच्या हाती चिंधी देऊन आईने तिला हे शिकवले. कोमोत त्यांच्या घरी कड उलट बाजूला वळत, म्हणजे चित्राची सुलट बाजू टोकापर्यंत स्वच्छ राही. लग्न होऊन त्या लियाँला आल्या आणि नवऱ्याच्या ओळखीने इथल्या एका नामांकित पेढीचे काम घरी आणू लागल्या, तेव्हा त्यांचे पहिले गाठोडे जसेच्या तसे परत आले. या पेढीत कड सुलट बाजूला वळतात. चित्राभोवती तिची बारीक, गोल दोरी दिसली पाहिजे, असा इथला दंडक.

सासूबाईंनी तेव्हा एक टोमणा मारला होता. तो एर्सीलिया पुढे चाळीस वर्षे हसत हसत सांगत, पण विसरल्या नाहीत. "तुमच्याकडे माणसं केलेलं काम लपवतात. आमच्याकडे मिरवतात. तू आता आमच्याकडे आहेस."

बोटांची सवय उलटी करायला त्यांना एक अख्खा हिवाळा लागला. त्यानंतर त्यांचे एकही गाठोडे परत आले नाही, असे ओदिल सांगते. चाळीस वर्षांत एकही नाही, हे विधान जसेच्या तसे स्वीकारणे कठीण आहे. पण पेढीने त्यांना काम देणे कधी थांबवले नाही, एवढे निश्चित. २००१ मध्ये त्यांनी स्वतःच काम सोडले. डोळे थकले, असे त्यांनी पेढीला सांगितले. शेजारणींनाही तेच सांगितले.

काम सुटले तरी स्कार्फ सुटले नाहीत. आळीतल्या बायका आपापले जपून ठेवलेले स्कार्फ घेऊन त्यांच्याकडे येत, कोणी डाग दाखवायला, कोणी गाठ शिकायला. एर्सीलिया कॉफी ठेवत आणि बोलणीही ऐकवत. मादाम पोंसे यांना त्यातली बरीच तोंडपाठ आहेत. "अत्तर आधी, स्कार्फ नंतर. तू स्कार्फ घालून मग अत्तर उडवतेस, तुला काय तो मांजराचा बिछाना वाटला?" किंवा, "वर्षभर एकाच घडीवर ठेवलास तर रेशीम तिथेच फाटणार. माणूससुद्धा एका कुशीवर झोपत नाही." टाचणी लावायची नाही, खुंटीला टांगायचा नाही, उन्हात वाळवायचा नाही, पिळायचा नाही. आणि सर्वांत मोठा नियम: इस्त्री मधल्या कापडावर, उलट बाजूने, कोमट. कडेपासून दोन बोटे अलीकडे थांबायचे. वळलेली कड एकदा चपटी झाली की स्कार्फाचा जीव गेला.

हा नियम ओदिल तान्ही असल्यापासून ऐकत होती. ती त्याच पेढीच्या शहरातील दुकानात स्कार्फांच्या काउंटरवर उभी राहत असे. कड वळायला मात्र आईने तिला कधीच शिकवले नाही. "एका घरात एकीचे डोळे गेले ते पुरे," असे त्या म्हणत.

शनिवारी, ६ डिसेंबरला, संध्याकाळी ओदिल अचानक आईच्या दारात उभी राहिली. कोट काढण्याआधीच तिने पिशवीतून पातळ कागदात गुंडाळलेला स्कार्फ काढून टेबलावर ठेवला.

"कोणाचा?" एर्सीलियांनी विचारले.

"मादाम तेव्हने यांचा."

मादाम तेव्हने म्हणजे एका औषधविक्रेत्याच्या वृद्ध विधवा. जुन्या गिऱ्हाईक, जिभेने तिखट. हा स्कार्फ त्यांच्या यजमानांनी पहिल्या मुलाच्या जन्मानंतर दिलेला, निळ्या जमिनीवर पाणपक्षी असलेला. आता त्यांना तो नातीच्या साखरपुड्याला घालायचा होता आणि मंगळवारी दुपारच्या गाडीने निघायचे होते. कपाटाचा वास आणि सुरकुत्या काढून द्या, एवढीच त्यांची मागणी होती. दुकानाच्या नियमाप्रमाणे असा स्कार्फ कार्यशाळेत पाठवायचा असतो, आणि तिथून यायला महिना लागतो. "ओदिल, तुमच्या हाताला काय धाड भरलीय? तुमच्या आईची मुलगी ना तुम्ही?" असे मादाम तेव्हने म्हणाल्या, आणि ओदिल भुलली. मागच्या खोलीत ती स्वतः इस्त्री करायला बसली. कोणीतरी त्याच इस्त्रीने आधी टेबलावरची जाड लिननची चादर इस्त्री केली होती, त्यामुळे ती फार तापलेली होती. समोरून हाक आली, ओदिलने मान वळवली आणि इस्त्री कडेवर गेली.

एर्सीलियांनी कागद उलगडला. चार बाजूंपैकी तीन ठीक होत्या. चौथी या टोकापासून त्या टोकापर्यंत चपटी, आणि मध्ये वीतभर भागावर तापलेल्या रेशमाची चकाकी.

"पूर्ण बाजू?" त्या म्हणाल्या. "अगं, हाक आली तर हात उचलायचा ना. इस्त्रीला कान नसतात."

"मला माहीत आहे, आई."

"माहीत होतं, आणि तरी. वाफ दिलीस?"

"दिली. उठत नाही. उसवून नव्याने वळावी लागेल." ओदिल खुर्चीवर बसली. "दुकानाबाहेर गिऱ्हाईकाची वस्तू नेली हे कळलं तरी मला काढतील. सोमवारी दुकान बंद आहे. मंगळवारी सकाळी त्या येतील. तुझ्याशिवाय मी कोणाकडे जाऊ?"

एर्सीलियांनी दोन्ही हात एप्रनखाली घेतले. ही गोष्ट ओदिलला त्या वेळी दिसली, पण समजली नाही. "ठेव," त्या म्हणाल्या. "आणि घरी जा. तू समोर बसलीस की मला टाका दिसत नाही, तुझं तोंड दिसतं."

रविवारी ओदिलने तीनदा फोन केला. पहिल्यांदा आई म्हणाली, उसवते आहे. दुसऱ्यांदा म्हणाली, उसवून झाली. तिसऱ्यांदा फोन उचललाच नाही. ओदिलने त्या दिवशी विल्योर्बानमधल्या आपल्या घरी जेवण केले नाही आणि नवऱ्याला कारणही सांगितले नाही. मंगळवारी दुकानात काय बोलायचे याची ती मनातल्या मनात तयारी करीत होती. प्रत्येक वाक्याची सुरुवात "मादाम, एक लहानशी अडचण" अशी होत होती आणि पुढे जात नव्हती.

सोमवारी दिवेलागणीला ती आईकडे आली, तेव्हा मागच्या खोलीत विजेच्या दिव्याखाली स्कार्फ पांढऱ्या चादरीवर पसरलेला होता. चौथी बाजू गोल, भरीव, एकसारखी वळलेली. टाके इतके बारीक की नजर घसरावी. ओदिलने आईच्या गालाला गाल लावला. मग दुकानातल्या सवयीने तिने स्कार्फाचा त्रिकोण केला, खांद्यावर घेतला आणि आरशासमोर उभी राहिली.

एका बाजूला रेशमाची दोरी चित्राभोवती नीट उमटली होती. दुसऱ्या बाजूला दोरी नव्हती. निळा रंग सरळ काठापर्यंत जाऊन खाली वळत होता.

"आई," ओदिल म्हणाली, "हे काय केलंस?"

"काय केलं?"

"कड मागे वळवलीस. आत. कोमोसारखी."

एर्सीलिया उठल्या, तिच्या खांद्यावरची बाजू दोन बोटांत धरून पाहिली, उलटी केली, पुन्हा सुलट केली. मग खुर्चीवर बसल्या.

या ठिकाणी दोघी साक्षीदारांचे म्हणणे वेगळे होते. ओदिलच्या मते ही निखळ चूक होती. चिंतेने माणूस लहानपणीच्या भाषेत बोलू लागतो, तशी आईची बोटे लहानपणीच्या वळणावर गेली आणि तिला स्वतःला ते दिसले नाही. ओदिलने आरशात पाहिले नसते तर आईलाही कळले नसते. मादाम पोंसे हे मानत नाहीत. त्यांचे म्हणणे पुढे येईल.

पुन्हा उसवावे का, हा प्रश्न ओदिलने मांडला. एर्सीलियांनी तिला कडेजवळचे चित्र दाखवले. पाणपक्ष्यांच्या खाली, अगदी काठाला समांतर, एक बारीक पांढरी रेघ होती, आणि कोपऱ्यात चित्रकाराचे नाव. चकाकी आलेली कड कापून टाकताना रेशमाची एक चीर आधीच गेली होती. आणखी एकदा कापून वळले तर रेघ आणि नाव दोन्ही कडेत गुंडाळले जाणार. शिवाय सुईची भोके. रेशीम सगळे लक्षात ठेवते.

"मग मी काय सांगू?" ओदिल म्हणाली. "कार्यशाळेतल्या कोणीही हे पाहिलं तर एका क्षणात ओळखेल. आमच्याकडे अशी कड होतच नाही."

"कार्यशाळेत कोण पाठवतंय?"

"त्या पाठवतील. त्यांना दिसेल आणि त्या पाठवतील. आई, त्यांची नजर तुला माहीत नाही. माझ्या बटणातला धागा सैल झाला होता, तो त्यांनी दारातून सांगितला."

इतक्यात दार वाजले. मादाम पोंसे आल्या होत्या. एका हातात गरम मसालेदार वाइनचे भांडे, दुसऱ्या हातात गुलाबी प्रलिनच्या, म्हणजे साखरेत घोळवलेल्या बदामांच्या, टार्टचा तुकडा.

"जिवंत आहेस ना गं?" त्या दारातूनच म्हणाल्या. "सगळी गल्ली उजळली आणि तुझी खिडकी काळी. खाली दोघांनी विचारलं, घर रिकामं झालं का. एकाने तर भाडंही विचारलं."

"रेशीम बाहेर आहे," एर्सीलिया म्हणाल्या. "रेशीम बाहेर असताना मी घरात ज्योत लावत नाही."

"चाळीस वर्षं लावत आलीस."

"तेव्हा हात माझे होते."

मादाम पोंसे यांनी भांडे खाली ठेवले. त्यांनी ओदिलच्या खांद्याकडे पाहिले, मग एर्सीलियांच्या मांडीवरच्या हातांकडे. उजवा हात हलत होता. थंडीने थरथरावा तसा नव्हे. बारीक, सतत, कोणीतरी आत शिवणयंत्र चालवावे तसा. ओदिलने तो त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. डोळे थकले नव्हते.

"किती दिवस झाले?" ओदिलने विचारले.

"आता त्याचं काय?" आई म्हणाली. "स्कार्फाचं बोल."

ओदिल स्वयंपाकघरात पाणी आणायला गेली, तेव्हा एर्सीलिया हळू आवाजात मादाम पोंसे यांना म्हणाल्या, असे मादाम पोंसे सांगतात: "बाहेरच्या अंगाला वळायला गेलं की हात सुटतो. आतल्या अंगाला धरला की थांबतो. आईने धरायला शिकवलं होतं तसा." एवढेच. हे खरे असेल तर ती चूक नव्हती. सबंध बाजूवर वेड्यावाकड्या टाक्यांची इथली कड शिवण्यापेक्षा त्यांनी नीटनेटकी कोमोची कड निवडली. पण मग आरशासमोर ओदिलने विचारल्यावर त्या गप्प का राहिल्या, हे मादाम पोंसे यांना सांगता येत नाही. "मुलीला सांगायचं नसेल," त्या म्हणतात, आणि हा केवळ त्यांचा अंदाज आहे.

पाणी घेऊन ओदिल परत आली, तेव्हा आईने स्कार्फ चादरीवर पुन्हा पसरला होता. त्यांनी उलट वळलेली बाजू आपल्या पुढ्यात घेतली आणि तिला समांतर अशा अरुंद चुण्या घालायला सुरुवात केली, हातपंख्याला असतात तशा, एक पुढे, एक मागे. पहिल्याच चुणीत ती कड आत गेली. शेवटी उरली ती एक लांब पट्टी. तिच्या दोन्ही टोकांना ज्या कडा दिसत होत्या त्या मूळच्या, सुलट बाजूला वळलेल्या.

"त्या नेहमी त्रिकोण घालतात," ओदिल म्हणाली. "तीस वर्षं त्रिकोणच घालत आल्यात."

"मग उद्या चुण्या घालतील. साखरपुडा आहे. मी येते."

"तू दुकानात येणार?"

"गिऱ्हाईक म्हणून येते. तुमचं दार काय रोज उघडत नाही का?"

"आणि त्यांनी सोडून पाहिला तर?"

एर्सीलिया चुण्या बोटांनी दाबून नीट करू लागल्या. मादाम पोंसे म्हणाल्या, "तर मी माझ्या पुतण्याला सांगेन, त्याच्या बेकरीत काउंटरला कोणीतरी हवंय." ओदिल हसली नाही.

मंगळवारी सकाळी दुकान उघडल्याबरोबर मादाम तेव्हने आल्या. एर्सीलिया आधीच आत होत्या, करड्या कोटात, हातमोजे घालून. ओदिलने त्यांची ओळख करून दिली, "माझी आई," आणि तिच्या लक्षात आले की आपण हे वाक्य दुकानात प्रथमच उच्चारले.

"म्हणजे ते हात तुमचे," मादाम तेव्हने म्हणाल्या.

"होते कधीकाळी," एर्सीलिया म्हणाल्या.

ओदिलने पेटी उघडली. स्कार्फ चुण्या घातलेल्या पट्टीच्या रूपातच ठेवला होता. मादाम तेव्हने यांनी भुवई वर केली. "हे काय? मी काय हवाईसुंदरी आहे?"

"मादाम, त्रिकोण खांद्यावरून घसरतो आणि मग सारखा हात लावावा लागतो," एर्सीलिया म्हणाल्या. "साखरपुड्यात हात ग्लासासाठी मोकळा हवा. चेहऱ्याजवळ चुण्या आल्या की निळा रंग खुलतो. बघा तरी. नाही आवडलं तर सोडते."

मादाम तेव्हने यांनी मान पुढे केली. एर्सीलियांनी हातमोजे काढले. पट्टी मानेभोवती घेऊन, एका बाजूला कानाच्या किंचित खाली सैल गाठ मारायची होती आणि टोके पंख्यासारखी उघडायची होती. उजवा हात हलू लागला. त्यांनी मनगट मादाम तेव्हने यांच्या गळ्याजवळच्या हाडावर टेकवले, जणू माप घेत आहेत, आणि तिथे तो थांबला. गाठ बसली.

मादाम तेव्हने आरशात पाहत राहिल्या. मग त्यांनी आपल्या सवयीप्रमाणे हात वर नेला आणि अंगठ्याने स्कार्फ चाचपू लागल्या. आधी टोक, मग टोकाची दोरी. मग अंगठा चुण्यांच्या आत गेला, आणि तिथे थोडा वेळ राहिला.

ओदिलने काउंटरची कड घट्ट धरली होती. तिच्या मनात ते वाक्य तयार होते: मादाम, एक लहानशी अडचण.

"तुम्ही कुठल्या?" मादाम तेव्हने यांनी आरशातूनच विचारले.

"क्रुआ-रूसची."

"त्याआधी?"

"कोमोची."

"हं." मादाम तेव्हने यांनी अंगठा बाहेर काढला आणि चुणी नीट केली. "चुण्यांमुळे मान लांब दिसते. वाईट नाही. गाडी चुकेल माझी." त्यांनी ओदिलच्या बाहीकडे बोट केले. "तुमचं ते बटण पुन्हा सैल झालंय." आणि त्या गेल्या.

त्यानंतरचा हिवाळा ओदिलने वाट पाहत काढला. दुकानाचा फोन वाजला की ती आधी कामाच्या सहकारिणीकडे पाही. कार्यशाळेतून दुरुस्तीच्या पेट्या येत, तेव्हा निळा रंग दिसतो का हे पाहिल्याशिवाय तिला पुढचे काही सुचत नसे. फेब्रुवारीत एक निळा स्कार्फ आला. तो दुसराच निघाला, तरी त्या दिवशी तिने एका गिऱ्हाइकाला चुकीचे सुटे पैसे परत दिले. आईकडे ती आता दर रविवारी जाऊ लागली. पहिल्या काही रविवारी आईने तिला डॉक्टरबद्दल काही विचारू दिले नाही. मार्चमध्ये आई आपणहून ओदिलसोबत डॉक्टरकडे गेली.

तक्रार आली नाही. मादाम तेव्हने वसंतात दुकानात आल्या, तोच स्कार्फ घालून, चुण्या घालून, गाठ कानाखाली. पुढच्या शरद ऋतूतही तशाच. त्यानंतर तीन वर्षे, त्यांच्या मृत्यूपर्यंत, ओदिलने तो स्कार्फ त्यांच्या गळ्यात अनेकदा पाहिला आणि एकदाही त्रिकोणात पाहिला नाही. दुसरे स्कार्फ मात्र त्या पूर्वीसारखेच त्रिकोणात घालत. एकदा एका नव्या विक्रेतीने तो स्कार्फ सोडून नीट बांधून देण्याची तयारी दाखवली. "हात लावू नका," मादाम तेव्हने म्हणाल्या, "तो असाच असतो."

एर्सीलिया २०११ मध्ये वारल्या. ओदिल अजून त्याच काउंटरवर आहे.

एर्सीलियांनी ती कड विसरून उलट वळली की जाणून, हे कळत नाही. ओदिल आणि मादाम पोंसे यांची साक्ष परस्परविरोधी आहे आणि तिसरी साक्ष नाही. मादाम तेव्हने यांचा अंगठा चुणीच्या आत थांबला तेव्हा त्यांना काय कळले, हे अज्ञात आहे. नंतर त्या तो स्कार्फ नेहमी चुण्या घालूनच वापरत, ते मान लांब दिसते म्हणून की ओदिलसाठी, हेही अज्ञात आहे. त्यांच्या सामानाची वाटणी मुलांनी केली. तो स्कार्फ कोणाकडे गेला, आणि कोणी तो पूर्ण उलगडून पाहिला का, याचा पत्ता अजून लागलेला नाही.